बत्तीस नंबरची टकटक

४ मार्च, सोमवार

आमच्या कॉम्प्युटर गेमच्या दुकानाला छत्तीस नवे कीबोर्ड आले. खोकी उघडता उघडता कंबर गेली. एकेक विटेएवढा जड. थेगन म्हणतो, आई, जड आहे म्हणजे चांगला आहे. मी म्हटलं, मग विटाच आणायच्या होत्यास.

आधीचे रबराचे होते. काय वाईट होतं त्यांचं? दाबलं की दबायचे. कुणी सरबत सांडलं तर नळाखाली धरायचे, गच्चीत उन्हाला टाकायचे. अगदीच गेला तर दुसरा, दोन वाट्या राम्यॉन नूडल्सच्या भावात. आता म्हणे प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग, वेगळा निळा खटका. एका कीबोर्डात शंभरावर बटणं. म्हणजे बिघडायच्या शंभर जागा. हे माझ्या मुलाच्या डोक्यात येत नाही.

"समोरच्या दुकानात खटक्याचे आहेत," तो म्हणाला. "पोरं आत येतात, आपलं एक बटण दाबून बघतात आणि निघून जातात. गेम खेळायला हेच लागतात आता."

बघू.

५ मार्च

डोकं उठलंय. सगळे एकदम खेळायला लागले की पत्र्यावर गारा. चौदाव्या वर्षी बिसानच्या कापड गिरणीत मागावर उभी राहिले तेव्हा पहिल्या दिवशी असंच झालं होतं. मुकादम म्हणाला होता, पोरी, आठ दिवस काढ, मग ऐकूच येणार नाही.

९ मार्च, शनिवार

आज परीक्षा घेतली. सात नंबरवर बसतो तो जांभळ्या केसांचा, रोज खेळतो, रोज हरतो. तो यायच्या आधी त्याच्यापुढे जुना रबराचा लावून ठेवला.

"मावशी, हे काय? ह्याच्यावर कसा खेळू? मी दाबतो आत्ता, वार होतो उद्या."

पाच डाव हरला. मग नवा दिला. सहा हरला. आता म्हणतो खुर्ची डुगडुगते.

निकाल लागला. बोटात असेल तर खेळेल, नसेल तर खटका काय करणार. संध्याकाळी थेगन आला, त्याला सांगितलं. दिवसाचं दुकान माझं, संध्याकाळी पाचनंतर त्याचं, त्यामुळे आमचं बोलणं ते पाचच्या ठोक्याला दारात.

"आई, एका पोरावरून ठरवतेस?"

"तू समोरच्या एका दुकानावरून छत्तीस घेतलेस ना."

२१ मार्च, गुरुवार

मेंग आला. हिवाळाभर नव्हता. वाळलाय. आधी सिटी बस चालवायचा, मग छातीत दुखलं, डॉक्टरांनी आत दोन स्प्रिंगा बसवल्या आणि कंपनीने बस काढून घेतली. आता घराण्यांच्या वंशावळ्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम करतो. लोकांच्या घरी जुने पोथ्यांसारखे ग्रंथ असतात, तीस पिढ्यांचे. ते बघून बघून टाइप करायचं. घरी कॉम्प्युटर आहे त्याच्याकडे. म्हणतो घरी फार शांत असतं, ताई.

बत्तीस नंबरवर बसतो. मागे खांबाआडचा कोपरा, रुंद टेबल, ग्रंथ पसरायला जागा. दुसरं कुणी तिथे बसत नाही. आमच्याकडे तीसनंतर एकदम बत्तीस येतो. एकतीस चार वर्षांपूर्वी होता. तिथला माणूस बसल्या जागी गेला आणि सहा तास तसाच राहिला. मी दोनदा त्याच्या मागून झाडू मारून गेले. कॅमेऱ्यात त्याची पाठ दिसत होती. पाठ जिवंत आहे का मेलेली, ते कॅमेऱ्याला कळत नाही. हात त्या रबराच्या कीबोर्डवरच होते.

एकतीसची पाटी काढून बत्तीसची लावली, खुर्ची बदलली, जागा तीच. मेंगला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "मी दिवसभर मेलेल्यांचीच नावं लिहितो ताई. एकजण शेजारी बसला तर काय बिघडलं."

नवा कीबोर्ड त्याने दाबून बघितला. हसला. "माझ्या छातीत दोनच स्प्रिंगा. ह्याच्या छातीत शंभर."

२ एप्रिल, मंगळवार

खटखटाटाची सवय झाली. आणि एक गंमत कळली. काउंटरवर लसूण सोलत होते, डोळे मिटलेले. मला कळत होतं कोण काय करतंय.

खेळणाऱ्यांचा डावा हातच वाजतो. चार बटणं, तडतड तडतड, मग शांत, मग धाडकन एक. खेळात मेला की खालच्या, शब्द तोडायच्या मोठ्या लांब पट्टीवर बुक्की मारतात, ती धप्प वाजते. जांभळ्या दिवसातून वीसदा मारतो. मेंगचं वेगळंच. आमची कोरियन अक्षरंच तशी बसवलीत, व्यंजनं सगळी डाव्या हाताला, स्वर उजव्या. टाइप करणारा माणूस म्हणजे डावा-उजवा, डावा-उजवा. टक-टुक, टक-टुक, मग नाव संपलं की पट्टी. धप्प. पुन्हा टक-टुक. चाललेला माणूस ओळखू यावा तसा.

गिरणीत आमचा मुकादम डोळे मिटून बसायचा. दोनशे मागांचा तो गोंधळ, त्यात एक माग थांबला तर त्याला कळायचं. शंभर आकडे मोजायचा. शंभरात सुरू नाही झाला तर लाकडी पट्टी घेऊन उठायचा. पोरगी झोपली असेल तर बोटांवर मारायचा. एकदा ओकसूनचा माग थांबला आणि तो शंभरपर्यंत मोजत बसला. तिचे केस मागाच्या पट्ट्यात गेले होते.

१० एप्रिल

मेंगला सांगितलं, तू मला इथवर ऐकू येतोस. त्याला आधी खरं वाटेना. मग म्हणाला, "मग असं करा ताई. मी थांबलो तर या."

"चहा प्यायला थांबलास तर?"

"चहा प्यायचा असेल तर पट्टी दोनदा दाबीन. धप्प धप्प. उठलो तरी दोनदा. काहीच न सांगता थांबलो तर गोळी शर्टाच्या खिशात आहे, डाव्या. जिभेखाली ठेवायची."

हसत बोलत होता. मी नाही हसले. म्हटलं, मी शंभर मोजणार नाही. तीस मोजीन आणि येईन.

थेगनला बोलणार नाही, पण कीबोर्ड बरे घेतले. रबराचे असते तर एवढं कळलं नसतं.

२४ एप्रिल

आज बत्तीस थांबला. सत्तावीसपर्यंत मोजून मी अर्ध्या वाटेत, हातात पाणी. हा बाबा पेन शोधत होता! टेबलाखाली वाकलेला. मी त्याला जे बोलायचं ते बोलले. जांभळ्या खदखदा हसला, त्यालाही बोलले.

मेंग म्हणतो बोटं पूर्वीसारखी सुजत नाहीत. रबराचा तळापर्यंत दाबावा लागायचा, ह्याचा खटका अर्ध्यातच लागतो, तिथून बोट परत. दिवसाला चाळीस पानं व्हायची, आता पंचावन्न. म्हणजे टाइप करणाऱ्याला फायदा आहे. खेळणाऱ्याला नाही. माझं मत.

८ मे, बुधवार

आईवडिलांचा दिवस. थेगनने कागदाचं लाल फूल आणलं, दरवर्षीचंच, कपाटातलं. मेंगच्या मुलीचा फोन नाही. उल्सानला असते. दिवसभर टक-टुक चालू होतं, एकदाही चहाला उठला नाही.

११ जून

समोरच्या रांगेतले कीबोर्ड मऊ पडायला लागलेत. आवाज पूर्वीचा नाही. दुकानदाराने सांगितलं होतं, एकेक बटण पाच कोटी वेळा दाबा, काही होणार नाही. तीन महिन्यांत बसले. मी म्हटलं होतं.

२५ जुलै, गुरुवार

काय उकाडा. कोंबडीचं सूप केलं, मेंगलाही वाटीभर दिलं. माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. हल्ली सगळेच पुटपुटतात. तोंड उघडून बोलायला ह्यांना काय होतं.

यंदा रस्त्याच्या झाडांवर ते किरकिरे किडे नाहीत. दरवर्षी ह्या दिवसांत सकाळी पाचला सुरू होतात, माणसाला झोपू देत नाहीत. यंदा एक नाही. सूनबाईला म्हटलं, नगरपालिकेने औषध मारलं वाटतं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

१६ ऑगस्ट

पोरं जागेवरून खायचं मागवतात तेव्हा काउंटरच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजतं. ते बिघडलंय. आज जांभळ्या स्वतः उठून आला. "मावशी, तीन वेळा मागवलं. अंड्याचं राम्यॉन. आता मी म्हातारा झालो."

पाच वाजता थेगनने येऊन बघितलं. म्हणतो वाजतंय, आई. मी म्हटलं, तुझ्या डोक्यात वाजत असेल. मायक्रोवेव्हही तसाच, झालं की मुकाट थांबतो. सगळं एकदम बिघडायला लागलंय ह्या दुकानात.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सणाचा दिवस. सकाळी पूर्वजांना जेवण ठेवलं. सगळे एकदम बोलत होते. मी भांडी घासायला उठून गेले.

३० सप्टेंबर, सोमवार

हे लिहायचं नव्हतं. लिहिते तरी.

साडेअकराला बत्तीस थांबला. पट्टी दोनदा नाही, काही नाही. तीस मोजले. धावत गेले, एकाची खुर्ची पाडली. मागून त्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला गोळीसाठी.

मेंगने वर बघितलं. बोटं चालूच होती. माझ्या डोळ्यांसमोर दबत होती, उठत होती. त्याने नाव पुरं केलं, लांब पट्टी दाबली, ती ऐकली मी, धप्प. मग म्हणाला, "काय झालं ताई? खिसा कापताय?"

आजूबाजूची पोरं हसली. मीही हसले. म्हटलं, झुरळ होतं.

मग कळलं. थेगनने माझ्या नकळत बदलले. आवाज न होणारेही मिळतात, तोच म्हणाला होता. वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेतली परीक्षेची पोरं तक्रार करत होती. पाचला आला तसा धरला दारातच.

"कुठे ठेवलेस निळे?"

"तेच आहेत, आई."

"मला वेडी समजतोस? एक आवाज येत नाही."

त्याने एका कीबोर्डचं बटण उपटून आतला खटका दाखवला. निळाच होता.

म्हणजे झिजले. पाच कोटी म्हणे.

८ ऑक्टोबर, मंगळवार

इलेक्ट्रॉनिक बाजारात गेलो. मी आणि थेगन. एक कीबोर्ड पिशवीत घालून नेला. दुकानदार तरुण, तोंडात च्युइंगम. म्हटलं, सात महिन्यांत आवाज गेला. तू पाच कोटी म्हणाला होतास. खेळायला नाही, टाइप करायला नाही, कशाला घ्यायचे असले महाग?

त्याने दाबून बघितला. "वाजतोय की, आजी."

"कुठे वाजतोय?"

त्याने आतून कोरा आणला, माझ्यासमोर खोकं फाडलं. त्याच्यावर बोटं आपटली. मी म्हटलं, बघ, हाही गेलेलाच. सगळा मालच सडका आहे तुझा.

तो च्युइंगम चावायचा थांबला. थेगनकडे बघितलं. थेगनने माझ्याकडे. दुकानात आणखी दोघं होते, तेही बघत होते.

घरी येताना बसमध्ये कुणी बोललं नाही. किंवा थेगन बोलला असेल.

११ ऑक्टोबर

कानाचा डॉक्टर. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाला. मी बसून राहिले. बटण कधी दाबायचं ते मला वाटलं मागून सांगतील.

जाड आवाज येतात, बारीक गेले. परत यायचे नाहीत. विचारलं, कुठे काम करत होतात? म्हटलं माग. त्याने मान हलवली, जसं काही मी आल्या आल्या सांगायला हवं होतं. म्हणाला त्या गिरणीतल्या बऱ्याच बायका येतात. मागावरच्या धोट्याच्या खडखडाटाने कान तेव्हाच खाल्लेत, आता वयाने उरलेलं नेलं. वर हेही म्हणाला, कधी कधी नसलेले आवाज येतील, घाबरू नका. मी कशाला घाबरू.

कानात घालायचं यंत्र दिलंय. वाटाण्याएवढं. घातलं तर माझंच चावणं मला ढोल वाजल्यासारखं ऐकू आलं. कपाटात ठेवलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मेंगला सांगितलं नाही.

सांगायला गेले होते. तो म्हणाला, "तुम्ही आहात म्हणून मी इथे येतो ताई. घरी थांबलो तर कोण मोजणार." मग काय सांगू?

म्हटलं, दोन नंबरवर येऊन बस, माझ्यासमोर. म्हणाला तिथे दाराचा वारा पाठीवर येतो आणि टेबल अरुंद. ग्रंथ कुठे ठेवू. का हो, काय झालं? म्हटलं काही नाही.

आता दर पंधरा मिनिटांनी झाडू घेऊन मागे जाते. बोट हललं की परत येते. काउंटरवरचं घड्याळ समोर ठेवलंय.

५ नोव्हेंबर

"ताई, हल्ली फार झाडता."

"तुझ्या ग्रंथांची धूळ."

लांब पट्टी तेवढी ऐकू येते अजून. तीही मन लावून बसलं तर. लसूण सोलायचं सोडलं. मध आणि लसूण खाते रोज, कानाला चांगलं म्हणतात.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मोठी परीक्षा संपली, पोरांनी दुकान भरलं. गडबडीत फेरी चुकली. पन्नास मिनिटं! गेले तेव्हा मेंग खुर्चीत मान टाकून.  त्याच्या गालाला हात लावला. ऊन होता. डुलकी लागली होती. तोंड पुसून म्हणाला, "तीस मोजलेत की तीनशे?"

गंमतीने म्हणाला. मी तिथून न्हाणीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

उद्या सांगायचं.

१५ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मेंग काउंटरशी आला, हातात ग्रंथ. तोंड माझ्याकडे करून सावकाश बोलला. मला वाटतं त्याला कळलंय. नसेलही.

त्याच्याकडे माझ्या माहेरच्या घराण्याचं काम आलंय. वडिलांचं नाव सापडलं त्याला. खाली माझे दोन भाऊ. माझ्या जागी नुसता नवऱ्याचा उल्लेख, जावई म्हणून. मुलींची नावं लिहीत नव्हते. नव्या आवृत्तीत लिहितात.

"नाव काय तुमचं ताई? सगळे मावशीच म्हणतात."

मालन्यो. ही शेवटची मुलगी असू दे, म्हणून ठेवलेलं. पाचवी होते. त्याने कागदावर लिहून घेतलं, दोनदा विचारून.

"पुढच्या गुरुवारी येईल तुमचं पान. तेव्हा चहा तुमच्याकडून."

त्या दिवशी सांगणार आहे त्याला कानाचं. पान झालं की. आणि कपाटातलं यंत्र घालीन. वाजू दे ढोल.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळचे साडेदहा. आवाज आला! आधी वाटलं नळ ठिबकतोय. मग नीट ऐकलं. टक-टुक, टक-टुक. डावा-उजवा, डावा-उजवा. बत्तीस नंबर. मार्चमध्ये होता तसा, कोरा करकरीत. परत यायचे नाहीत म्हणाला होता डॉक्टर. लसूण-मध त्याच्या नाकावर टिच्चून.

बाकीच्यांचा येत नाही अजून. फक्त मेंगचा. कोपरा आहे, भिंतीवरून येत असेल.

बारा. चालू आहे. मध्ये लांब पट्टी एकदाही नाही. नुसती नावांची रांग असेल, जागा सोडायची नसेल. आज माझं पान. झाडू उचलला होता, ठेवून दिला. उगाच मध्ये जाऊन कशाला हात थांबवायचा. डोळे मिटून बसले. कितीतरी दिवसांनी लसूण सोलला.

दोन. जेवायला उठला नाही. चहाचं पाणी ठेवलंय, तो पट्टी दोनदा दाबेल तेव्हा नेईन.

चार. महाग होते मेले, पण वसूल झाले. एवढ्या वेळात एकदाही मोजावं लागलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

मेंगला काल स्मशानात पोचवलं. गुरुवारी सकाळी दहालाच गेला होता म्हणतात. पाच वाजता थेगन मागे गेला तेव्हा हात बटणांवर होते आणि पडद्यावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर.

दुकान बंद आहे. थेगनने मेन स्विच पाडलाय. मी काउंटरवर बसलेय, सगळे पडदे काळे. टक-टुक, टक-टुक. तीस मोजले. शंभर मोजले. थांबत नाही.